बंद अहवाल आणि दोन पुस्तके

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका लहानशा धर्मग्रामात सेवेला होतो. त्या परिसरात लष्करात गेलेली माणसे घरोघर होती. नोव्हेंबर महिना जवळ आला, की मृतांच्या स्मरणार्थ अर्पण करायच्या मिस्साचे हेतू लिहून घेण्याचे काम असे. त्या रांगेत सर्वांत शेवटी एक वयस्क बाई येत. त्या आपल्या नवऱ्याचे नाव सांगत आणि हळूच म्हणत, "फादर, नाव लिवा, पर मेलेल्यांच्यात लिहू नका." पहिल्या वर्षी मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे कळले, की त्यांचे यजमान १९६२ साली नेफाच्या आघाडीवर होते. घरी तार आली, तीत 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. त्यानंतर चाळीस वर्षे काहीच आले नाही. आमच्या मृत्यूनोंदवहीत त्या जवानाचे नाव कधी चढले नाही आणि बाईंनी गळ्यातली काळी पोत कधी उतरवली नाही.

एकदा त्यांनी मला सरळ विचारले, "फादर, चौकशी झाली म्हणत्यात. मग कागद तर आसतीलच ना कुठंतरी? सरकार कागद फेकून देत नाही. आमालाच का दावत नाहीत?"

मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. २०११ साली त्या वारल्या. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला, आणि त्या प्रश्नाचा हात धरूनच मी दोन इंग्रजी ग्रंथ पुन्हा एकवार वाचले. पहिला, ब्रिगेडिअर जॉन परशुराम दळवी यांचा 'हिमालयन ब्लंडर' (१९६९). दुसरा, नेव्हिल मॅक्सवेल या इंग्रज पत्रकाराचा 'इंडियाज चायना वॉर' (१९७०). या दोन्ही ग्रंथांच्या मधोमध एक तिसरा ग्रंथ उभा आहे. तो छापला गेला नाही, विक्रीला आला नाही, आणि तरीही त्याची सावली या दोन्ही पुस्तकांच्या पानापानांवर पडली आहे. तो म्हणजे लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर प्रेमिंद्रसिंग भगत यांचा चौकशी अहवाल. राज्यसंस्थेने युद्धाचे कागद किती काळ झाकून ठेवावेत आणि प्रजेने ते केव्हा मागावेत, या प्रश्नाचा विचार या तिघांना एकत्र ठेवून करावा, असे मला वाटते.

अहवालाची कुळकथा

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने नामका चू नदीच्या काठावर आणि लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला चढवला. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. मधल्या महिनाभरात जे घडले त्याने सारा देश सुन्न झाला. सरकारी आकडेवारीप्रमाणे १,३८३ जवान व अधिकारी मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ जण शत्रूच्या हाती सापडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य आपल्याकडे त्या काळापासून म्हणीसारखे रूढ झाले आहे.

नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी पराभवाची कारणे शोधण्यासाठी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांना नेमले. भगत हे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले अधिकारी. या चौकशीच्या कक्षा मुद्दाम आखून दिलेल्या होत्या. जवानांचे प्रशिक्षण, साधनसामग्री, अधिकाराची उतरंड, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनानींची योग्यता, एवढेच पाच विषय. मंत्रालय आणि लष्कराचे मुख्यालय यांच्यातील व्यवहार या कक्षेबाहेर होते. अहवाल १९६३ साली तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्याचा सारांश सांगितला. मूळ अहवाल प्रसिद्ध केल्यास आपल्या सैन्याच्या संख्येची व ठिकाणांची माहिती शत्रूला मिळेल आणि सीमेवरील जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, असे कारण त्यांनी दिले.

या क्षणी चव्हाणांची भूमिका समजून घेणे न्यायाचे होईल. जखम ओली होती, सीमा धगधगत होती, सैन्याची नव्याने उभारणी चालू होती आणि दोन वर्षांत पाकिस्तानशी युद्ध होणार होते. ज्या अधिकाऱ्यांनी चौकशीपुढे मन मोकळे केले, त्यांनी ते गोपनीयतेच्या विश्वासावर केले होते. त्यांचे शब्द चव्हाट्यावर मांडले असते, तर पुढच्या चौकशीत कोणी खरे बोलले नसते. चव्हाणांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांनी त्या काळावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात चव्हाणांची कोंडी दिसते. सैन्याला धडा तर मिळावा, पण त्यातून सूडाचे सत्र सुरू होऊ नये आणि पंतप्रधान नेहरूंवरचा लोकांचा विश्वासही ढासळू नये, अशी ती कसरत होती. १९६३ साली अहवाल बंद ठेवण्यात काही गैर झाले, असे मला वाटत नाही. प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे.

मराठी वाचकाला येथे एका न लिहिल्या गेलेल्या पुस्तकाचीही आठवण होते. चव्हाणांचे आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९४६ पर्यंत येऊन थांबते. पुढचे दोन खंड त्यांच्या मनात होते आणि दिल्लीतील दिवसांच्या खंडाला ते 'यमुनाकाठ' हे नाव देणार होते. १९८४ साली त्यांचे निधन झाले आणि तो खंड त्यांच्याबरोबर गेला. कागद बंद ठेवणारा मनुष्यही कधीतरी आपली साक्ष देईल, ही आशाही त्यामुळे संपली.

साक्षीदाराचे पुस्तक

दळवी हे आपल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी. कॉलेज सोडून ते सैन्यात गेले. १९६२ साली ते सातव्या इन्फन्ट्री ब्रिगेडचे प्रमुख होते. थागला शिखररांगेच्या पायथ्याशी, नामका चूच्या खोल दरीत याच ब्रिगेडला उभे करण्यात आले होते. उन्हाळी कपडे, अपुरा दारूगोळा, पाठीशी रस्ता नाही आणि समोर उंचावर बसलेला शत्रू, अशी ती अवस्था होती. २२ ऑक्टोबरला ते चिन्यांच्या हाती सापडले आणि मे १९६३ मध्ये सुटून परत आले.

आपले पुस्तक तिबेटमधील युद्धकैद्यांच्या छावणीत एका थंड रात्री जन्माला आले, असे दळवी प्रस्तावनेत सांगतात. २१ नोव्हेंबरच्या रात्री एक चिनी मेजर त्यांना उठवतो आणि युद्ध संपल्याची 'आनंदाची बातमी' देतो. जेत्याच्या तोंडून ऐकलेल्या त्या बातमीने दळवींची मान शरमेने खाली जाते, आणि आपल्या देशाला हे सारे सांगितलेच पाहिजे, असा निश्चय ते करतात. संपूर्ण ग्रंथ त्या एका रात्रीच्या शपथेवर उभा आहे. त्यातील नामका चूवरील दिवसांचे वर्णन मला विशेष मोलाचे वाटते. येथे दळवी घाई करत नाहीत. कोणता हुकूम केव्हा आला, तो देणाऱ्याने जमीन पाहिली होती की नकाशा, विमानातून टाकलेल्या सामानापैकी किती हाती लागले आणि किती दरीत गेले, हे ते हिशेबनिसाच्या चिकाटीने नोंदवतात. संताप आहे, पण तो तपशिलाच्या आड दबलेला आहे, म्हणूनच तो वाचकाला जाऊन भिडतो. जवानांविषयी लिहिताना त्यांची लेखणी मृदू होते. जे परत आले नाहीत त्यांचे ऋण फेडण्याची धडपड त्या ओळींतून जाणवते.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिबेट, परराष्ट्रनीती आणि नेहरूंचे राजकारण यांवरील प्रकरणांत दळवी साक्षीदार नाहीत, तेथे ते वकील होतात. मागाहून कळलेल्या गोष्टी त्या वेळीच सर्वांना कळायला हव्या होत्या, असा त्यांचा सूर लागतो. शिवाय ते स्वतः त्या पराभवाचे एक पात्र होते. आपल्या वरच्यांचे दोष त्यांना जितके स्वच्छ दिसतात, तितके स्वतःचे निर्णय दिसत नाहीत. असे होणे मानवी आहे. साक्षीदाराचा हा दोष दूर करण्यासाठीच तर न्यायालयात दुसरा साक्षीदार आणि दप्तर यांची गरज असते.

आणि नेमके तेच येथे नव्हते. प्रस्तावनेत दळवी एक गोष्ट नोंदवतात, ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ज्या ब्रिगेडवर पहिला घाव पडला, तिच्या प्रमुखाला त्या चौकशीने साक्षीसाठी बोलावलेच नाही. त्यांच्या माहितीप्रमाणे परत आलेल्या त्यांच्या पलटणींच्या प्रमुखांनाही बोलावले गेले नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या संशयास्पद सबबीखाली लोकांना सत्य नाकारले गेले आणि त्या पोकळीत अफवा, दंतकथा व निंदा वाढली, असे ते म्हणतात. अहवाल बंद असल्याने त्याच्यातील उणीवही बंदच राहिली. कोणाची साक्ष घेतली आणि कोणाची नाही, हा साधा प्रश्न विचारण्याचा मार्गही वाचकाला उरला नाही.

परक्याच्या चष्म्यातून

मॅक्सवेल १९५९ ते १९६७ या काळात लंडनच्या 'टाइम्स'चे दिल्लीतील वार्ताहर होते. त्यांचे गद्य धारदार, उपरोधिक आणि अत्यंत बांधेसूद आहे. वाचनीयतेच्या दृष्टीने त्यांचा ग्रंथ दळवींच्या ग्रंथाहून सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: सीमेवर पुढे पुढे ठाणी उभारण्याचे भारताचे 'फॉरवर्ड' धोरण, त्यामागे नसलेले लष्करी बळ आणि वाटाघाटींना दिलेला नकार यांमुळे युद्ध ओढवले. चीनने केले ते बव्हंशी प्रत्युत्तर होते.

हे प्रतिपादन भारतीय वाचकाला बोचते. पण बोचते म्हणून ते खोटे ठरत नाही, तसेच बोचते म्हणून खरेही ठरत नाही. समीक्षकाने पाहावयाचे ते पुरावे. मॅक्सवेल यांनी भारत सरकारच्या व लष्कराच्या अप्रसिद्ध कागदांचा आधार घेतला. हेंडरसन ब्रुक्स अहवाल त्यांनी पाहिला होता, हे पुढे उघड झाले. म्हणजे १९७० साली स्थिती अशी होती, की ज्या अहवालाची प्रत भारताच्या संसदेला मिळाली नाही, ती एका परदेशी पत्रकाराच्या टेबलावर होती. त्याने त्यातून काय उचलले, काय गाळले, कोठे आपला रंग मिसळला, हे तपासण्याचा अधिकार मात्र एकाही भारतीय वाचकाला नव्हता.

मला या साऱ्या प्रकरणातील मर्माची गोष्ट हीच वाटते. गुप्ततेने गुपित राखले नाही. गुपित बाहेर गेलेच. गुप्ततेने फक्त पडताळणी रोखली. चव्वेचाळीस वर्षे भारतीयांनी आपल्याच पराभवाचा अहवाल दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचला. सरकारला मॅक्सवेल यांचे म्हणणे एकांगी वाटत होते, तर त्यावरचा उत्तम उतारा सरकारच्याच कपाटात होता.

मॅक्सवेल यांच्या ग्रंथातील मोठा दोषही दप्तराशीच निगडित आहे. भारताची बाजू ते भारताच्या आतल्या कागदांवरून तपासतात, तर चीनची बाजू बहुतांशी पेकिंगने जाहीर केलेल्या निवेदनांवरून स्वीकारतात. एका घराची झडती घ्यायची आणि दुसऱ्या घराच्या दारावरची पाटी वाचून समाधान मानायचे, असा हा प्रकार. चीनचे दप्तर तर आपल्याहून अधिक कडेकोट बंद होते. परिणामी ज्या देशाचे दार किलकिले होते, त्याच्याच वाट्याला सारा दोष आला. पुढे श्रीनाथ राघवन यांच्यासारख्या अभ्यासकांनी खुल्या झालेल्या कागदांच्या आधारे हे चित्र पुष्कळ समतोल केले. यावरूनही हेच दिसते, की एकांगी इतिहासाला उत्तर अधिक कागदांनीच देता येते.

पाने उघडली तेव्हा

मार्च २०१४ मध्ये मॅक्सवेल यांनी अहवालाच्या पहिल्या खंडाचा बराचसा भाग, काही पाने वगळता, स्वतःच जगजाहीर केला. त्याआधी आपण तो भारतीय वृत्तपत्रांना देऊ केला होता, पण कोणी छापला नाही, असे त्यांनी सांगितले. ती पाने वाचताना प्रथम जाणवते ती भाषेची शिस्त. त्यात निंदानालस्ती नाही, घोषणा नाहीत. पुढे ठाणी उभारण्याचे धोरण राबवताना त्यासाठी लागणारे बळ आपल्याकडे आहे का, हे वरिष्ठांनी विचारले नाही, चीन बळाचा वापर करणार नाही या गृहीतकावर सारी इमारत रचली गेली, आणि खालून आलेले इशारे वर ऐकले गेले नाहीत, असे तो दाखवून देतो. कक्षेबाहेरच्या विषयांनाही या दोन अधिकाऱ्यांनी आपल्या मर्यादेत राहून स्पर्श केला, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण आहे.

त्यातील एक गोष्ट तर प्रत्येक नागरिकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सप्टेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या दालनात होणाऱ्या बैठका अत्यंत गुप्त स्वरूपाच्या आहेत, म्हणून त्यांचे इतिवृत्त ठेवले जाणार नाही, असे मंत्र्यांनी स्पष्ट सांगितले आणि पुढेही तीच प्रथा चालली. या निर्णयामुळे कोणत्याही मोठ्या निर्णयाची जबाबदारी अखेर कोणावरच राहिली नाही, असा अभिप्राय अहवालाने दिला आहे. गुप्ततेचे हे शेवटचे टोक होय. कागद कुलपात ठेवणे ही पहिली पायरी, आणि कागदच न लिहिणे ही शेवटची. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शंभर वर्षांपूर्वीच्या अनाथ बालकाचेही नाव, दिवस आणि धर्ममातापित्यांची नावे सापडतात. एका देशाने हजारो तरुणांना मृत्यूच्या तोंडी पाठवण्याचा विचार केला, त्या बैठकीची मात्र नोंद नाही.

त्या पानांत माझ्या धर्मग्रामातील बाईंच्या नवऱ्याचे नाव नव्हते, असणारही नव्हते. असल्या अहवालांत साध्या शिपायाचे नाव येत नाही. पण तो तेथे कोणाच्या हुकमाने, कशाच्या भरवशावर उभा होता, याचे उत्तर त्यांत होते. ते त्यांच्या हयातीत त्यांना कोणी वाचून दाखवले नाही.

तराजूची दोन पारडी

आता सरकारी बाजूचाही विचार करू. २००९ साली ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अर्जावर निकाल देताना केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल स्वतः पाहिला आणि त्याचा कोणताही भाग तूर्त खुला करू नये, असे ठरवले. भारत-चीन सीमारेषेचा प्रश्न अद्याप वाटाघाटींत आहे, हे त्याचे कारण. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की अहवालातील मजकूर केवळ संवेदनशीलच नव्हे, तर आजच्या लष्करी दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. या म्हणण्यात तथ्य नाही, असे म्हणता येत नाही. ज्या ढोला ठाण्यावरून नामका चूचा संघर्ष पेटला, ते ठाणे नकाशावरील मॅकमहोन रेषेच्या कोणत्या बाजूला येते, हा वाद त्या अहवालात आहे. भारताच्या मते खरी सीमा थागलाच्या जलविभाजकावरून जाते. हा मुद्दा आजही जिवंत आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ पुन्हा झटापट झाली. सीमा थंड झालेली नाही.

पण एवढे मान्य केल्यावरही प्रश्न उरतो, तो प्रमाणाचा. अहवालात सीमारेषेसंबंधी काही पाने असतील, ती झाका. प्रशिक्षण, कपडे, दारूगोळा, हुकमांची उतरंड, सेनानींची योग्यता यांवरच्या पानांनी आजच्या शत्रूला काय कळणार आहे? आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या दहाव्या कलमातच अशी तरतूद आहे, की कागदाचा गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा. आठव्या कलमात असेही म्हटले आहे, की नुकसानीपेक्षा लोकहित मोठे असेल तेथे माहिती देता येते. आयोगाने ही चाळणी न वापरता सारे धान्यच कणगीत परत टाकले, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

ही चाळणी वापरता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला आणि पुस्तकरूपाने बाजारातही आला. सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक ते भाग वगळले होते, आणि वगळले आहेत हे वाचकाला कळत होते. त्यामुळे देश बुडाला नाही. उलट संरक्षणव्यवस्थेत काय बदलावे, यावर उघड चर्चा झाली. १९९२ साली संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९६२ च्या युद्धाचा जो अधिकृत इतिहास तयार केला, त्याच्या लेखकांत आपले अनिल आठल्ये होते. तोही कपाटात राहिला आणि पुढे वृत्तपत्रामार्फतच लोकांपर्यंत पोहोचला.

दुसरा प्रश्न समानतेचा. जनरल कौल यांनी १९६७ साली आपली बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक यांनी १९७१ साली आपले पुस्तक लिहिले. अहवालात ज्यांच्या कामाची छाननी झाली होती, त्या बड्यांना आतल्या गोष्टी आपल्या सोयीने सांगण्याची मुभा होती. त्यांना तपासणारा अहवाल मात्र बंद होता. अशी गुप्तता देशाचे रक्षण करते की व्यक्तींचे, असा संशय कोणी घेतला तर त्याला दोष कसा द्यायचा?

तिसरी गोष्ट खुर्चीची. मार्च २०१४ मध्ये राज्यसभेतील विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी लिहिले, की जुने कागद अनंत काळ गुप्त ठेवणे योग्य नव्हे. त्याच वर्षी जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून त्यांनीच राज्यसभेला सांगितले, की हा अहवाल अतिगुप्त असून तो खुला करणे देशहिताचे नाही. यात एका पक्षाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आधीच्या सरकारचे उत्तरही हेच होते. मनुष्य बाकावरून उठून खुर्चीवर बसला, की त्याला कागद वेगळे दिसू लागतात. म्हणूनच हा निर्णय मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता नियमावर सोपवणे शहाणपणाचे असते. २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने नवे धोरण जाहीर केले. युद्धाचा इतिहास पाच वर्षांत संकलित व्हावा आणि कागद सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. हेंडरसन ब्रुक्स अहवालाचे अधिकृत प्रकाशन मात्र आजतागायत झालेले नाही.

गुपित कोणासाठी

एक धर्मगुरू गुप्ततेविरुद्ध बोलतो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पापनिवेदनात ऐकलेला शब्द आम्ही मरणाच्या भीतीनेही उघड करत नाही. गुरुविद्यालयात नीतिशास्त्र शिकताना आम्हांला सांगत, की सत्य जाणून घेण्याचा हक्क निरपवाद नाही, आणि विश्वासाने सोपवलेले गुपित राखणे हे कर्तव्य आहे. ते मी आजही मानतो. पण पापनिवेदनाचे गुपित कोणाचे रक्षण करते? ते दुबळ्याचे, गुडघे टेकून आलेल्याचे रक्षण करते. ऐकणाऱ्याला त्या गुपिताचा स्वतःसाठी कणभरही उपयोग करून घेता येत नाही. जे गुपित ते राखणाऱ्यालाच वाचवते, त्याची जात वेगळी आहे. कुलूप दिसले की तीन प्रश्न विचारावेत: हे कोणाला वाचवते, कोणापासून वाचवते आणि किती काळ? १९६३ साली चव्हाणांकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती. त्यांच्यामागून आलेल्यांकडे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर अस्पष्ट आहे.

हे लिहिताना आपल्या घराकडे पाहिल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील पोप पायस बारावे यांच्या भूमिकेवर दशकानुदशके वाद चालला. १९६५ ते १९८१ या काळात व्हॅटिकनने निवडक कागदांचे अकरा खंड प्रसिद्ध केले. निवड करणारे हात आपलेच होते, म्हणून शंका मिटल्या नाहीत. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चला इतिहासाचे भय नाही, असे सांगून ते दप्तर उघडण्याची घोषणा केली आणि २ मार्च २०२० रोजी ते अभ्यासकांना खुले झाले. त्यांतून निघालेले सारे आपल्याला सुखावणारे नाही. काही कागद पोपमहोदयांच्या बाजूने बोलतात, काही आपल्याला खाली पाहायला लावतात. पण आता वाद कागदांवर होतो, कल्पनेवर नाही. आपल्या चर्चला हे करण्यास पाऊणशे वर्षे लागली. त्यामुळे राज्यसंस्थेला उपदेश करताना आपला आवाज फार चढवू नये, हे बरे.

दळवींच्या ग्रंथाचे शीर्षक वाचताना गांधीजींची आठवण येते. १९१९ च्या सत्याग्रहातील आपल्या चुकीला त्यांनी हिमालयाएवढी चूक म्हटले, आणि तेही भर सभेत. त्यामुळे त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही. दळवींनी तोच शब्द देशापुढे ठेवला. १९७४ साली ते वारले. हेंडरसन ब्रुक्स निवृत्तीनंतर ऑस्ट्रेलियाला गेले. भगत, चौधरी, चव्हाण, मेनन, सारे काळाच्या पडद्याआड गेले. २०१९ साली मॅक्सवेलही गेले. ज्यांची लाज राखायची होती त्यांच्यातले कोणीही उरले नाही. बेपत्ता जवानांच्या घरची काही माणसे मात्र अजून आहेत.

वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे, की ही दोन्ही पुस्तके वाचावीत, आणि एकामागून एक वाचावीत. दळवी वाचताना मन भरून येते, मॅक्सवेल वाचताना राग येतो. दोघांच्या मध्ये जी रिकामी जागा जाणवते, ती त्या अहवालाची आहे. ती भरून निघेपर्यंत या युद्धावरचे कोणतेही पुस्तक अर्धेच राहणार.

मी आता त्या धर्मग्रामात नाही. पण नोव्हेंबरमध्ये मिस्साचे हेतू लिहिताना त्या जवानाचे नाव मी माझ्या वहीत लिहितो. बाईंचे नाव मृतांच्या यादीत असते. त्याचे नाव मी अजून त्या यादीत घातलेले नाही. ते तेथे घालण्याचा अधिकार मला आहे का, हे मला ठरवता येत नाही.